नमुना सतरा

पहाटे, कादिसच्या इस्पितळात, प्रसूती विभागाच्या मागच्या दाराशी
एन्कार्ना बर्फाची पेटी घेऊन उभी असते.
नर्स सही घेते, नाळ देते.
वीतभर, निळसर, अजून चिकट.
कुणाची, ते सांगत नाहीत.
चिठ्ठीवर आईची संमती आणि वेळ : चार वाजून दहा.

नाळ पुरली ते आपलं गाव, असं कुठेकुठे म्हणतात.
ही पुरली जाणार नाही.
तिच्या शिरेत कोमट द्राव सोडला की
आतलं अस्तर सुटून येतं,
आणि तीन-चार दिवसांत ताटलीच्या तळाशी
पेशी एकमेकींना खेटून बसतात,
कारागिराने घाई न करता बसवलेल्या फरशीसारख्या.

आज त्यांना तेल द्यायचं आहे.

नमुना सतरा. सूर्यफूल. सहा दिवस तळलेलं.
कुठून आणलं, हा रकाना
तिने रिकामा ठेवलाय.

तेल एका रात्रीत मरत नाही.
एका साखळीतून एक हायड्रोजन जातो,
त्या जागी हवा येऊन बसते,
मग उसनवारी सुरू :
याचं ओढून ते भागवायचं,
त्याचं ओढून पुढचं,
गल्लीभर देणं होतं आणि मूळ सावकार सापडत नाही.
शेवटी साखळ्या तुटतात, तुकडे उरतात.
त्यातला एक, नऊ कार्बनांचा,
पेशीच्या दारावर अडत नाही,
कारण दार स्वतःच चरबीचं.
आत गेला की गंधक हुंगत फिरतो, दिसेल त्या प्रथिनाला बिलगतो,
आणि सुटत नाही.

पेशी राखणदार पाठवते. ते त्याला धरतात, बाहेर नेतात,
पुन्हा येतात, पुन्हा नेतात.
मग राखणदार संपतात.

दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली :
फरशीच्या फटी रुंदावलेल्या,
काही पेशी गोल, कडेला फोड,
काही तरंगायला लागलेल्या.
निळा रंग टाकायचा.
जी जिवंत आहे ती रंग बाहेरच ठेवते.
मेलेलीलाच नाही म्हणता येत नाही.
एन्कार्ना मोजते. निळी, निळी, निळी, कोरी, निळी.
सर्वांत पातळ नमुन्यात मात्र
जवळजवळ सगळ्या कोऱ्या.
ती पुन्हा मोजते. तेच.
वहीत लिहिते, आणि खाली, आकड्यांच्या रांगेत न बसणारं :
ताटलीतलं आणि ताटातलं सारखं नसतं.
मग ते खोडते. मग खोडलेलंच राहू देते.

संध्याकाळी लेव्हान्ते सुटलेला,
गल्लीत वाळू, दुकानाच्या दारात रांग.
कासिमिरो हरभऱ्याच्या पिठात मुशीचे तुकडे घोळतोय,
व्हिनेगर, जिरं, चाळीस वर्षांचे हात,
मनगटावर जुने डाग, नाण्यांसारखे.
वर पाहत नाही. विचारतो,
"काय म्हणतंय माझं तेल?"

ती गप्प.
"बाटली मीच भरून ठेवली होती," तो म्हणतो.
"तू वरवरचं घेतलं असतंस.
मी तळाचं दिलं."

कढईचा आवाज मध्ये येतो.
रांगेतली एक म्हातारी पाव किलो मागते, थोडं जास्तच भाजलेलं.
एन्कार्ना आकडे सांगत नाही.
नऊ कार्बनांचं नाव सांगत नाही.
म्हणते, "चौथ्या दिवशी बदला."
"तिसऱ्या," तो म्हणतो, घासाघीस उलटी करत,
आणि कागदाच्या सुरळीत दोन तुकडे टाकून पुढे करतो.

ती वास घेते, सवयीने.
खवट नाही.
आजचं तेल आहे, पिवळं,
तळ दिसतोय.

पहिला घास जीभ भाजतो.
कुठेतरी आत, नाव नसलेल्या एका शिरेत,
एक राखणदार उठून उभा राहतो,
आणि हातातली चाळण झटकून घेतो.